वाचायलो ना, माय!

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस 15 ऑक्टोबरला येतो आणि 2015 सालापासून महाराष्ट्रात तो वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. यात कलामसाहेबांचा काहीच दोष नाही. जन्मतारीख कुणी पीकपाणी बघून ठरवत नाही. पण प्रेरणेसाठी हा दिवस मुक्रर करताना मंत्रालयातल्या एकाही टेबलावर सोयाबीन उभं नव्हतं, एवढं नक्की. हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावसारख्या गावात ऑक्टोबरचा मध्य म्हणजे सोंगणीची धांदल. गुत्तं घेतलेली टोळी ऐन वेळी दुसऱ्याच्या वावरात गेलेली असते, मळणीयंत्राचा नंबर अपरात्री लागणार असतो, सुडीवर टाकायची ताडपत्री शेजाऱ्याने नेलेली असते आणि परतीचा पाऊस पुसेगावापर्यंत आल्याची बातमी दर तासाला येत असते. पाणी द्यायला, कट्टे धरायला, निदान बांधावर उभं राहून ‘लवकर उरका’ म्हणायला घरातलं प्रत्येक माणूस शेतात लागतं. नेमक्या याच दिवशी शाळाशाळांतून पुस्तकांच्या कपाटाची किल्ली सापडते. पुस्तकं बाहेर येतात, ओळीने बसवलेल्या पोरांच्या हातात एकेक दिलं जातं, पोरं ते छातीशी धरतात, फोटो निघतो, फोटो वर जातो, वरचे तो आणखी वर पाठवतात आणि पुस्तकं मोजून परत कपाटात जातात. अशा दिवशी पाहणीला आलेले साहेब एखाद्या पोराला विचारतात, “बाळ, कोणतं पुस्तक वाचलंस?” पोरगं सांगतं, “हिरवं.” “अरे वा! काय होतं त्यात?” “उघडायचं नाही म्हणले सर. फोटोत नाव दिसलं पाहिजे म्हणून.”

या सगळ्या खटाटोपामागे एक समजूत आहे. वाचन ही चांगली सवय आहे आणि चांगल्या सवयी लावाव्या लागतात, ही ती समजूत. दात घासणं, नखं कापणं, वाचणं, अशी ती यादी असते. आता दात घासण्याचं आजन्म वेड लागलेला माणूस कुणाच्या पाहण्यात आहे का? ताट निवून गेलं तरी ब्रश खाली ठेवत नाही, एसटी निघून गेली तरी स्टँडवर दात घासत उभा आहे, असा? पुस्तकवेडे मात्र गावोगाव असतात आणि त्यांच्यापायी दूध उतू गेलेलं, भाजी करपलेली, लेकराला शाळेतून आणायचं राहिलेलं, असे पुरावे घरोघर मिळतात. तेव्हा हे प्रकरण सवयीच्या खात्यातलं नसून व्यसनाच्या खात्यातलं आहे. आणि व्यसन लावण्यासाठी शासनाला परिपत्रक काढावं लागल्याचं ऐकिवात नाही. तंबाखूचा प्रेरणा दिन कधीच साजरा झाला नाही, तरी तिचा प्रसार खेडोपाडी झालेला आहे. म्हणून प्रस्तुत लेखकाचं नम्र पण ठाम म्हणणं असं, की पुस्तकाचं जन्मभराचं प्रेम लागतं ते कामचुकारपणातून. ज्याला लहानपणी किंवा पुढे केव्हातरी एखादं काम टाळायचं होतं आणि त्या क्षणी हाताशी पुस्तक होतं, तो वाचक झाला. ज्याला वाचन हेच काम म्हणून नेमून दिलं, त्याने ते टाळण्यासाठी दुसरं काहीतरी शोधलं.

काम टाळण्याचे मार्ग पुष्कळ आहेत, पण पुस्तकाची सर कशालाच नाही, कारण लांबून पाहणाऱ्याला ते काम वाटतं. झोपलेला माणूस झोपलेला दिसतो, पारावर बसलेला बसलेला दिसतो, टपरीवर चहा पिणाऱ्याच्या हातात तर पुरावाच असतो. पुस्तक उघडून बसलेला माणूस मात्र काय करतोय, हे त्याच्याजवळ जाऊन, वाकून, मथळा वाचल्याशिवाय कळत नाही, आणि तेवढी तसदी सोंगणीच्या दिवसांत कोण घेतो? “काय करायलास रे?” अशी घरातून हाक येते. “वाचायलो ना, माय!” एवढं उत्तर पुरतं. माय बापाला सांगते, “त्याला नका उठवू, अभ्यास करायला.” बाप, ज्याला स्वतःला पुस्तकाचा संबंध आला तो दहावीला सुटण्यापुरता, तो धाकट्याला घेऊन शेतात जातो. इकडे ‘अभ्यास’ करणारा गोष्टीतल्या भुताच्या विहिरीत उतरलेला असतो. त्याला पुस्तकाची गोडी लागली, ती त्या भुतामुळे किती आणि विळा हातात न धरावा लागल्यामुळे किती, हे वेगळं काढणं शक्य नाही. आमचा सिद्धांत एवढाच, की ही दोन सुखं एकदा एकत्र चाखली की माणूस जन्माचा कामातून जातो.

हे हवेतलं बोलणं वाटत असेल तर पुरावा याच जिल्ह्यातला देतो. वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याचं नाव मराठी विचारविश्वात ज्यांच्यामुळे पोचलं ते नरहर कुरुंदकर. इतिहास, संगीत, नाट्यशास्त्र, मनुस्मृती, राजकारण, ज्या विषयावर बोलायला उभे राहत त्या विषयाचे प्राध्यापक वह्या काढून बसत. असा वाचलेला माणूस मराठवाड्याने क्वचित पाहिला. आणि हे गृहस्थ हैदराबादला इंटरच्या परीक्षेत नापास झाले. एकदा होऊन भागलं नाही, पुन्हाही झाले. कारण उघड आहे. नेमलेली पुस्तकं सोडून बाकी सगळी त्यांनी वाचली होती. मामा डॉ. नारायणराव नांदापूरकर मराठीचे पंडित, घरात ग्रंथांची कमतरता नाही, हैदराबादेत ग्रंथालयं होतीच. अशा ठिकाणी इंटरचा अभ्यास चुकवायला किती वाव असेल, याची कल्पना करावी. पुढे बी.ए. व्हायला 1961 साल उजाडलं, तोवर ते नांदेडला शाळेत शिकवतही होते. शेवटी पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. ज्याने परीक्षा चुकवली त्याच्याच हाती परीक्षा घेणारं कॉलेज आलं. आज एखाद्या घरात पोरगं दोनदा नापास झालं, की त्याच्या उशाची पुस्तकं जप्त होतात. त्या जप्तीत एखादा कुरुंदकर गेला असेल असं आम्ही म्हणत नाही. नापास होणारे सगळे कुरुंदकर असते तर मराठवाड्यात सभागृहं अपुरी पडली असती. पण उलट्या बाजूने पाहा. नेमलेलं तेवढंच वाचून पहिल्या वर्गात पास झालेले आणि पुढे जन्मात पुस्तकाला हात न लावलेले लोक मोजायला घेतले, तर मोजणाऱ्याला निवृत्त व्हावं लागेल.

याच जिल्ह्यातल्या नर्सीला संत नामदेवांचं जन्मस्थान मानतात. नामदेव पुस्तकी नव्हते, पण घरच्यांची तक्रार तीच होती, जी पुढे प्रत्येक पुस्तकवेड्याच्या घरात ऐकू आली. आई गोणाई आणि पत्नी राजाई यांच्या नावावरचे अभंग वाचले तर संसाराकडे दुर्लक्ष, धंद्याकडे पाठ, घरात दाण्याची चिंता, असा सगळा पाढा त्यांत आहे. शिंप्याच्या पोराने कापड बेतावं की विठ्ठलाशी बोलत बसावं? आज त्याच नामदेवांची 61 पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत, आणि ज्या नांदेडात 1708 साली गुरू गोविंदसिंगांनी ग्रंथालाच गुरू मानायला सांगितलं ते इथून जवळच आहे. काम टाळल्याचा इतका भव्य परतावा दुसऱ्या कुणाला मिळाला नसेल. देहूच्या तुकोबांचंही तेच. वाण्याच्या दुकानाकडे बघायचं सोडून डोंगरावर जाऊन संतांची वचनं पाठ करत बसणारा कर्ता पुरुष घरच्यांच्या बाजूने पाहिला तर काय दिसतो? जिजाई भाकरी घेऊन डोंगर चढायची, ती काही साहित्यसेवा म्हणून चढत नव्हती. परंपरा सांगते की तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत सोडली आणि पुढे विरोधकांनी त्यांची गाथाही त्याच इंद्रायणीत बुडवायला लावली. खतं गेली ती गेली, वह्या मात्र तेरा दिवसांनी वर आल्या म्हणतात. नदीलासुद्धा कोणतं लिखाण कामाचं आणि कोणतं बिनकामाचं, याची पारख होती.

आता कुणी म्हणेल, संतांना कशाला मधे आणता, साध्या माणसांचं बोला. साध्या माणसांसाठी पोथी होती. श्रीधरस्वामींनी 1702 साली हरिविजय संपवला, त्यापाठोपाठ रामविजय, 1712 साली पांडवप्रताप आणि 1718 साली शिवलीलामृत, आणि पुढची दोनअडीचशे वर्षं मराठी खेड्यांना करमणुकीची ददात राहिली नाही. चातुर्मास लागला की संध्याकाळी देवळात एकाने वाचायचं, दुसऱ्याने अर्थ सांगायचा आणि गावाने बसायचं. बसायचं, हा यातला महत्त्वाचा शब्द. भर पावसाळ्यात, निंदणं-खुरपणं अंगावर असताना, हात मांडीवर ठेवून दोन तास स्वस्थ बसायची मुभा दुसऱ्या कोणत्या कारणाने मिळाली असती? “सासूबाई, जरा पडते” म्हटलं असतं तर आभाळ कोसळलं असतं. “सासूबाई, पोथीला जाते” म्हटल्यावर सासूबाईच पुढे निघायच्या. शिवाय पोथी रोज एक-दोन अध्यायच पुढे सरके. भीमाने गदा उचलली की आरती. दुसऱ्या दिवशी गदा कुठे पडते ते बघायला माणूस धडपडत येणारच. शिवलीलामृताचा अकरावा अध्याय रोज वाचणाऱ्या बायाबापड्यांकडे भक्त म्हणूनच पाहिलं जातं, आणि ते योग्यच आहे. पण त्या एका अध्यायाच्या वेळात त्यांना कुणी हाक मारत नाही, ही शंकराची कृपाही काही लहान नाही.

निजामाच्या राज्यात तर या सिद्धांताची सरकारी खर्चाने परीक्षा झाली. हिंगोली 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होती. वरचं शिक्षण उर्दूत. 1918 साली उघडलेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचं. त्यामुळे मराठी पोराला मराठी वाचणं हेच मुळी अभ्यास टाळणं होतं! शाळेचा अभ्यास एका लिपीत आणि चोरून वाचायची कादंबरी दुसऱ्या लिपीत, अशी सोय पुढे कुणाला मिळाली नाही. सभा घ्यायची तर ‘गश्ती निशाण 53’ नावाच्या फर्मानाप्रमाणे आधी परवानगी लागे. मग मंडळी वाचनालयात जमत. चार वर्तमानपत्रं, एक सतरंजी, एक कंदील आणि काहीच न करता वाचत बसल्याचा आविर्भाव. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी निघालेलं परभणीचं गणेश वाचनालय किंवा 1943 साली स्थापन झालेली मराठवाडा साहित्य परिषद यांचा इतिहास गंभीर माणसांनी गंभीरपणे लिहावा. आम्हाला त्यातलं एवढंच दिसतं, की जेव्हा वाचन हे कर्तव्य नव्हतं, किंबहुना वरच्यांच्या डोळ्यांत खुपणारं होतं, तेव्हा लोक कंदिलाच्या उजेडात वाचत होते. आता शाळांत मराठी कायद्याने सक्तीची आहे आणि 2024 साली तिला अभिजात दर्जाही मिळाला. दोन्ही गोष्टींचा आनंद आहे. फक्त काळजी एवढीच वाटते, की अभिजात वस्तूला आपल्याकडे आधी कपाट मिळतं आणि मग कुलूप.

स्वातंत्र्यानंतर चोरून वाचण्याचा हा धंदा खऱ्या अर्थाने भरभराटीला आणला तो बाबूराव अर्नाळकरांनी. हजारावर रहस्यकथा लिहिणारा हा माणूस एकाही वाचन प्रेरणा दिनाला आठवला जात नाही. त्यांचा झुंजार आणि काळा पहाड ज्या आकाराच्या पुस्तकांत राहायचे, तो आकार भूगोलाच्या पुस्तकात नेमका मावायचा. भूगोलाच्या पुस्तकाचा मराठी साहित्याला झालेला सर्वांत मोठा उपयोग तो हाच. 1952 साली मराठीत सुरू झालेला ‘चांदोबा’ मात्र रंगीत असल्याने लपवायला अवघड; तो वाचायला वेताळामागे लागलेल्या विक्रमाइतकीच चिकाटी लागे. पुढे 1971 साली बालभारतीने ‘किशोर’ काढलं, तेव्हा मोठ्यांची पंचाईत झाली. पाठ्यपुस्तक काढणारी संस्थाच गोष्टी छापते म्हटल्यावर ‘अभ्यास सोड आणि ते वाच’ म्हणायचं की ‘ते सोड आणि अभ्यास कर’? या संभ्रमाच्या काळात बरीच पोरं वाचून मोकळी झाली. आज साठीसत्तरीत असलेल्या कुणाही पुस्तकप्रेमी माणसाला विचारा, तो भाषणात ‘ययाति’ आणि ‘स्वामी’ची नावं घेईल. चहा झाल्यावर विचारा. झुंजार निघेल.

इथवर आलो तरी एक गोष्ट हळूच बाजूला ठेवली होती, तिच्याकडे आता वळलंच पाहिजे. वर जे पोरगं “वाचायलो ना, माय!” म्हणून सुटलं ते पोरगं होतं. पोरीने हेच वाक्य म्हणून पाहावं. “वाचायले ना, माय!” “ते ठेव बाजूला आणि पीठ मळ.” पुस्तक तेच, पान तेच, भूत तेच, पण मुलाच्या हातात तो अभ्यास असतो आणि मुलीच्या हातात काम टाळण्याचं निमित्त. म्हणजे पुस्तकामागची लबाडी घरादाराला पहिल्यापासून नीट कळते. ती फक्त एकालाच माफ असते. न्यायमूर्ती रानड्यांच्या घरात काय झालं ते रमाबाई रानड्यांनी 1910 साली ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’त लिहून ठेवलं आहे. नवरा शिकवायला बसतो आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायका टोमणे मारतात, असा तो संसार. त्या बायकांना दुष्ट ठरवून आपण मोकळे होतो, पण त्यांची बाजूही लक्षात घ्यावी. सगळ्या जणी जन्मभर चुलीशी उभ्या असताना एकीने खाली बसायचं, तेही नवऱ्याच्या परवानगीने! त्यांचा राग पुस्तकावर नव्हता, बैठकीवर होता. रमाबाईंचं वाचन जन्मभर टिकलं, याचं श्रेय न्यायमूर्तींना जेवढं द्याल त्यातला थोडा वाटा त्या टोमण्यांनाही द्यावा लागेल. नुसत्या उत्तेजनावर इतकं टिकलं नसतं.

उतारवयातले वाचक या सिद्धांतात बसत नाहीत, अशी हरकत हमखास निघते. उलट तेच सर्वांत चोख बसतात. ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात 2016 साली महिलादिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीपुढच्या बाया गुलाबी लुगडी नेसून, दप्तर घेऊन, मुळाक्षरं गिरवायला बसल्या. दुसऱ्यांनी वाचलेली पोथी ऐकण्यापेक्षा ती आपल्याला वाचता यावी, ही त्यांची इच्छा होती. शाळेची वेळ दुपारची, म्हणजे घरकामातून सुटायची. साठ वर्षं राबल्यावर, सुनेच्या देखत, पाठीला दप्तर लावून घराबाहेर पडायचं, यात जे सुख असेल ते आपल्याला पहिलीत कुठून मिळणार? आपल्याला तर रडत नेलं होतं. आता याच्या समोर निवृत्त साहेब ठेवा. नोकरीत असताना हे गृहस्थ पुस्तकं घेऊन ठेवत असतात. “निवृत्त झालो की निवांत वाचणार.” कपाट भरतं, निवृत्ती येते, निरोपसमारंभात आणखी पाच पुस्तकं मिळतात. पुढे? पुढे साहेब सकाळी पेपरातल्या जाहिरातींसकट सगळं वाचतात आणि दुपारी कपाटाकडे बघत झोपतात. लोक याला आळस म्हणतात, ते चूक आहे. टाळायला कामच शिल्लक राहिलं नाही, तर माणूस वाचणार कशासाठी? बायकोने हाती पिशवी देऊन बाजारात जायला सांगितलं, की पाहा, त्याच क्षणी त्यांना ‘मृत्युंजय’ची आठवण येते. (प्रस्तुत लेखकाच्या घरी पुस्तकं किती आणि त्यांतली वाचलेली किती, हा प्रश्न लेखाच्या कक्षेबाहेरचा आहे.)

तालुक्याच्या गावोगावी आता अभ्यासिका निघाल्या आहेत. खुर्चीला खुर्ची लावून पोरं दिवसदिवस वाचतात, त्यांच्याइतकं वाचन महाराष्ट्रात कुणी करत नसेल, आणि पुस्तकाचा एवढा तिटकाराही कुणाला नसेल. स्पर्धा परीक्षेच्या ठोकळ्यावर जन्मभराचं प्रेम जडल्याचं उदाहरण नाही. पण त्याच टेबलाखाली, मांडीवर, चालू घडामोडींच्या आड उघडलेली ‘छावा’ ज्याच्या हाती दिसेल, तो आपला माणूस. पद त्याला मिळो न मिळो. वाचत्या घरातली मुलं वाचतात, ही दुसरी हरकत, आणि ती खरीही आहे. पण तिचं कारण संस्कार हे नव्हे. “अहो, दळण आणता का?” “एवढं पान होऊ दे.” हा संवाद ज्या लेकराने रोज ऐकला, त्याला पान म्हणजे काय वस्तू आहे आणि ती कशावर चालते, याचं प्रात्यक्षिकच मिळालेलं असतं. मोबाइलने वाचन संपवलं, ही तिसरी. मोबाइलने वेळ खाल्ला हे मान्य, पण त्याची अडचण वेगळी आहे: त्याची अब्रू गेली. पोराच्या हातात मोबाइल दिसला, की ते जगातला सर्वांत मोठा ग्रंथ त्यावर वाचत असलं तरी घर म्हणतं, “ठेव तो डबडा!” लांबून काम वाटणं हा पुस्तकाचा मूळ गुण मोबाइलला कधीच जमला नाही, आणि पुस्तकाला भवितव्य आहे ते याच एका गुणामुळे.

सगळ्यात अवघड हरकत मात्र वेगळीच आहे: ज्यांना काम टाळायची चैनच परवडत नव्हती त्यांचं काय? परळच्या चाळीतल्या एका खोलीत वाढणाऱ्या भीमराव आंबेडकरांना घरी बसून वाचायला जागा नव्हती, म्हणून ते शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत. पुस्तक हवं म्हटलं की वडील रामजी सुभेदार लग्न झालेल्या लेकींकडून उसने पैसे आणत, प्रसंगी त्यांचा दागिना गहाण ठेवत. इथे आमच्या सिद्धांताने खाली बसावं हेच बरं. फक्त बसता बसता एक गोष्ट नोंदवतो. त्याच बागेत येणारे कृष्णाजी अर्जुन केळुसकर मास्तर रोज या मुलाला वाचताना पाहत होते. त्यांनी चौकशी केली, ओळख वाढवली आणि मुलगा 1907 साली मॅट्रिक झाला तेव्हा स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याच्या हातात दिलं. एकच पुस्तक, आणि तेही वाचणारा आधी पाहून. त्याचा फोटो काढून वर पाठवला नाही. पुढे त्याच मुलाने दादरला ‘राजगृह’ बांधलं ते पुस्तकांना राहायला जागा हवी म्हणून.

ग्रंथालयशास्त्राचाही दाखला आमच्याविरुद्ध देता येईल. रंगनाथन यांनी 1931 साली जी पंचसूत्री मांडली, तिचं चौथं सूत्र ‘वाचकाचा वेळ वाचवा’ असं आहे, आणि आम्ही तर वाचकाचा वेळ कसा वाया जाईल याच्या काळजीत आहोत. पण रंगनाथन स्वतः कसे आले या वाटेला? गणिताचे अध्यापक, 1924 साली मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयात नेमले गेले. तिथे इतका शुकशुकाट, की थोड्याच दिवसांत ते ‘मला परत शिकवायला पाठवा’ म्हणून आपल्या जुन्या कॉलेजच्या प्राचार्यांकडे गेले. आधी लंडनला जाऊन ग्रंथालयं पाहून या, मग बोलू, अशी त्यांची समजूत घालण्यात आली. गेले, आणि परत आले ते ग्रंथालयाचेच होऊन. तिशी ओलांडलेल्या माणसाला जन्मभराचं वेड लागायला असं रिकामपण लागलं, ही गोष्ट त्यांच्या पाच सूत्रांत आली नाही. सहावं सूत्र म्हणून ती घालायला हरकत नसावी.

उरला नैतिक आक्षेप. मजूर मिळत नाहीत, गुत्त्याचे भाव दरवर्षी वाढतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद काढायला आणि शिजवायला माणूस शोधावा लागतो, आणि तुम्ही कामचुकारांची फौज उभी करायला निघालात? यावर आमचं म्हणणं असं, की कामचुकार गावात आहेतच. आम्ही नवे तयार करत नाही, आहेत त्यांना पुस्तक द्या म्हणतो. पारावर बसून काम टाळणारा दुसऱ्या दोघांना बसवतो, टपरीवरचा उधारी वाढवतो, निवडणुकीच्या दिवसांत काम टाळणारा तर गावात भांडणं लावतो. वाचत बसलेला मात्र गप्प असतो, चहा मागत नाही आणि उठवला तर निमूट उठतो, कारण आपली चोरी त्याला ठाऊक असते. तेव्हा 1967च्या ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड वर्गांची जी हजारो वाचनालयं राज्यात आहेत, त्यांच्या तपासणीत कपाटं आणि रजिस्टरं मोजतात तशी एक बाब आणखी मोजावी. वाचनालय उघडं राहावं ते ऐन कामाच्या वेळी, आणि त्याची जागा ठरवताना मोजपट्टी घेऊन गावात एक चक्कर मारावी. गोरेगावात अशी समिती आलीच, तर एखादी म्हातारी विचारेल, “साहेब, काय मोजायलात?” “वाचनालय घरापासून किती लांब पाहिजे ते बघतोय, आजी.” “मग किती पाहिजे?” “हाक ऐकू येईल, पण ऐकू आली नाही असं म्हणता येईल, इतकं.” म्हातारी जरा विचार करून देवळाच्या मागची जागा दाखवेल आणि हळूच विचारेल, “तिथं बायांनाबी बसू देतेत का?”